इम्प्लांट बसवायचं ठरवलंय? मग आधी हाडाचा विचार करा

माझी खालची उजवी दाढ काढली तेव्हा डॉक्टर म्हणाल्या होत्या, "तीन महिन्यांनी येऊन भेटा, जागा रिकामी ठेवू नका." मी गेले ती चार वर्षांनी. दुखत काहीच नव्हतं, हसताना फट दिसत नव्हती, आणि डाव्या बाजूने चावायची सवय कधी लागली तेही कळलं नव्हतं. चार वर्षांनी स्कॅन पडद्यावर आला तेव्हा डॉक्टरांनी पेन्सिलीच्या टोकाने दाखवलं. शेजारच्या दाढेपाशी हाड चांगलं रुंद होतं, आणि माझ्या रिकाम्या जागी ते निमुळतं होत होत वर सुरीच्या धारेसारखं झालं होतं. मागची दाढ फटीकडे कलली होती, वरची दाढ खाली उतरू लागली होती. हाडात एक स्क्रू आणि त्यावर नवा दात एवढ्यात भागलं असतं त्या इम्प्लांटच्या कामाला हाड भरण्याचं आणखी एक ऑपरेशन आणि पाच महिने जास्त लागले.

म्हणून कुणी विचारलं की मी पहिल्यांदा हेच सांगते: इम्प्लांटमध्ये वरचा दात बनवणं हा त्यातल्या त्यात सोपा भाग. बाकी सगळं तुमच्या हाडावर आणि त्या हाडाला लागणाऱ्या वेळावर अवलंबून असतं. हे एकदा डोक्यात बसलं की डॉक्टरांना काय विचारायचं, कुठे लगबग करायची आणि कुठे मुकाट्याने थांबायचं, ते समजायला लागतं.

तोंडात नेमकं काय बसवतात

इम्प्लांटचे तीन भाग असतात. हाडात जातो तो स्क्रू, म्हणजे दाताच्या मुळाच्या जागी येणारा भाग. तो बहुतेक वेळा टायटॅनियमचा असतो, क्वचित झिर्कोनियाचा. साधारण ३ ते ६ मिलिमीटर जाड आणि ६ ते १५ मिलिमीटर लांब. त्यावर हिरडीतून वर येणारा जोडभाग बसतो, त्याला अबटमेंट म्हणतात. आणि सगळ्यात वर दिसणारा दात, म्हणजे कॅप.

या सगळ्याचं मूळ एका योगायोगात आहे. स्वीडनमधले संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सशांच्या हाडातला रक्तप्रवाह बघत होते. त्यासाठी हाडात बसवलेलं टायटॅनियमचं छोटं उपकरण प्रयोग संपल्यावर बाहेर काढायला गेले, तर ते निघेचना. हाड त्या धातूला घट्ट धरून वाढलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. आज तुमच्या तोंडातही हेच व्हायचं असतं. स्क्रू सिमेंटने चिकटवत नाहीत, हाड त्याच्या पृष्ठभागाला येऊन भिडतं. ते औषधाने उरकता येत नाही, त्याला महिने लागतात.

इम्प्लांट हवंच का?

हा प्रश्न मनापासून विचारा, आणि डॉक्टरांनाही विचारा. दुसरे दोन रस्ते आहेत. ब्रिजमध्ये शेजारचे दोन दात घासून बारीक करतात आणि तिन्हींवर मिळून एक सलग कॅप बसवतात. काम काही आठवड्यांत होतं, शस्त्रक्रिया नसते. शेजारच्या दातांवर आधीच मोठं सिमेंट भरलेलं असेल किंवा त्यांना तशीही कॅप लागणार असेल, तर ब्रिज हा शहाणपणाचा पर्याय आहे. पण ते दात धडधाकट असतील तर ते घासायला माझं मन धजावत नाही. एकदा घासलेला दात पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. दुसरा रस्ता काढता-घालता येणाऱ्या कवळीचा. ती स्वस्त पडते आणि शरीरावर ताण नाही, मात्र चावायची ताकद कमी मिळते आणि कवळीखालचं हाड झिजत राहतं.

बरेच दात गेले असतील तर घाबरू नका, प्रत्येक दातामागे एक इम्प्लांट लागत नाही. ओळीने तीन दात नसतील तर बऱ्याचदा दोन इम्प्लांटवर तीन दातांचा ब्रिज होतो. अख्ख्या जबड्याला चार ते सहा पुरतात. खालची कवळी सतत सैल होऊन हैराण झालेल्यांना तर दोनच इम्प्लांट लावून त्यावर कवळी चाप लावल्यासारखी अडकवता येते. घरात कवळी वापरणारं वडीलधारं माणूस असेल तर हा पर्याय त्यांना जरूर सांगा. एवढ्याशा कामाने जेवण्यात केवढा फरक पडतो ते मी जवळून पाहिलं आहे.

पहिली भेट: काहीही लपवू नका

डॉक्टर तोंड बघण्याआधी तुमच्या तब्येतीची चौकशी करतील. तिथे "बाकी सगळं ठीक आहे" म्हणून मोकळं होऊ नका. घरून निघताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी घेऊन जा.

मधुमेह असला म्हणून इम्प्लांट होत नाही असं नाही. साखर आटोक्यात हवी. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणी बघतात, आणि आकडा ८ च्या वर असेल तर बहुतेक डॉक्टर आधी साखर खाली आणा म्हणतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका. बऱ्याच वेळा ती चालू ठेवूनच काम होतं, आणि बंद करायची की नाही हे ती देणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचं.

सगळ्यात जास्त राहून जातं ते हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेलं औषध. आठवड्याला एक अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी, वर्षातून एकदा शिरेतून दिलेलं झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन. ही औषधं घेणाऱ्यांमध्ये क्वचित जबड्याचं हाड शस्त्रक्रियेनंतर भरून येत नाही आणि उघडं पडतं. कॅन्सरसाठी याच औषधांचे मोठे डोस मिळाले असतील तर धोका बराच वाढतो. वर्षातून एकदा घेतलेलं इंजेक्शन दाताच्या डॉक्टरांना सांगायचं असतं हे कुणाच्या लक्षातच येत नाही. डोक्या-मानेला रेडिएशन घेतलं असेल तर तेही आधी सांगा.

सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये इम्प्लांट फसण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या साधारण दुप्पट आढळतं. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आवळतात, आणि नव्या हाडाला रक्तच कमी पोचतं. कायमची सोडता आली तर उत्तमच. निदान ऑपरेशनच्या काही आठवडे आधीपासून हाड धरेपर्यंत तरी तंबाखू कुठल्याही रूपात नको.

वयाला वरची मर्यादा नाही. सत्तरी-ऐंशीतल्या माणसांचेही इम्प्लांट छान धरतात. खालची मर्यादा मात्र आहे. जबडा वाढत असताना स्क्रू बसवला तर आजूबाजूचे दात वाढत्या हाडाबरोबर पुढे सरकतात आणि इम्प्लांट जागच्या जागी राहून बुटका दिसू लागतो. खेळताना समोरचा दात तुटलेल्या किशोरवयीन मुलाला तात्पुरता दात देऊन वाढ पूर्ण होईपर्यंत थांबवतात, त्याचं कारण हे.

हिरड्यांतून रक्त येत असेल, पायरिया असेल, तर त्याचे उपचार आधी. ज्या जंतूंनी पहिला दात घालवला ते तोंडात तसेच असतील तर नवा स्क्रूही त्यांच्याच तावडीत सापडतो.

स्कॅन झाल्याशिवाय होकार देऊ नका

दाढ बसवून घ्यायची ठरवल्यावर मी आधी एका दुसऱ्या दवाखान्यात गेले होते. तिथे एका दाताचा छोटा एक्स-रे काढला आणि लगेच "तीन दिवसांत पक्का दात" असं सांगून तारीखही दिली. माझं हाड किती रुंद आहे हे त्या एक्स-रेत दिसणंच शक्य नव्हतं, कारण साध्या एक्स-रेत लांबी-उंची दिसते, जाडी दिसत नाही. त्यासाठी सीबीसीटी स्कॅन लागतो. मशीन डोक्याभोवती एक फेरी मारतं, मिनिटभरात काम होतं, आणि हाडाचे हवे तसे काप पडद्यावर बघता येतात.

स्कॅनवर डॉक्टरांना तीन गोष्टी दाखवायला सांगा. एक, हाडाची रुंदी आणि उंची. दोन, खालच्या जबड्यात असेल तर हाडातून जाणारी नस. खालच्या ओठाची आणि हनुवटीची संवेदना तिच्यातून येते, आणि स्क्रूचं टोक तिच्यापासून निदान २ मिलिमीटर दूर राहावं असा संकेत आहे. तीन, वरच्या जबड्यातल्या मागच्या दाढा असतील तर सायनसची पोकळी, म्हणजे नाकाच्या बाजूला हाडात असलेली हवेची जागा, किती जवळ आली आहे. दात गेल्यावर ही पोकळी खाली पसरते, आणि तिच्या तळाशी कधी कधी ३-४ मिलिमीटरच हाड उरतं.

तीन दिवसांत किंवा त्याच दिवशी दात बसवणं हे खोटं नव्हे, असं काम खरंच होतं. पण त्याला हाड घट्ट लागतं, स्क्रू पहिल्याच दिवशी जोराने पकडला जावा लागतो, आणि तो दात बहुधा तात्पुरता असून त्यावर चावायची परवानगी नसते. तुमच्या हाडाकडे नीट न बघता तसं आश्वासन देणाऱ्याकडून उठून यावं, हे माझं ठाम मत.

हाड कमी पडलं तर

दात काढल्यावर पहिल्या वर्षात त्या जागच्या हाडाची रुंदी जवळपास निम्म्याने कमी होऊ शकते, आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. म्हणून दात काढायचाच असेल तर काढण्याआधी विचारा, "इथे पुढे इम्प्लांट करायचा असेल तर आत्ताच खड्ड्यात हाडाची पावडर भरून ठेवता येईल का?" कधी कधी त्याच बैठकीत स्क्रूही बसवता येतो. माझी चार वर्षं वाया गेली, तुमची जाऊ नयेत.

भरायचं हाड चार प्रकारांनी मिळतं: तुमच्याच जबड्यातून घेतलेलं, दान केलेल्या मानवी हाडावर प्रक्रिया करून बनवलेलं, गाई-बैलांच्या हाडापासून बनवलेलं, किंवा पूर्ण कृत्रिम. त्यावर टाकायचा पातळ पडदा पुष्कळदा डुकराच्या किंवा गाईच्या कोलॅजेनचा असतो. ज्यांना श्रद्धेमुळे किंवा इतर कारणाने हे चालणार नाही त्यांनी आधीच स्पष्ट विचारावं, संकोच करू नये. मला हे कुणी आपण होऊन सांगितलं नव्हतं, संमतीपत्र वाचताना दिसलं. पर्याय असतात, फक्त सामान मागवण्याआधी सांगावं लागतं.

भरलेलं हाड पक्कं व्हायला चार ते सहा महिने, सायनसपाशी काम असेल तर कधी आणखी जास्त.

ऑपरेशनचा दिवस

पोटभर खाऊन जा (गुंगीचं औषध देणार असतील तर मात्र उपाशीपोटी, ते दवाखान्यातून सांगतात). सकाळच्या नेहमीच्या गोळ्या चुकवू नका. एका दाताचं काम तासाभरात आटोपतं.

भुलेचं इंजेक्शन टोचतं तेवढंच दुखतं. नंतर जे जाणवतं ते वेदनेपेक्षा वेगळंच. हिरडी बाजूला केल्यावर बारीक ड्रिलने सुरुवात करतात, मग थोडा जाड, मग त्याहून जाड. आवाज कानाने कमी आणि कवटीतून जास्त ऐकू येतो, सगळं डोकं गुणगुणल्यासारखं. तोंडात सतत गार पाणी पडत असतं आणि बाजूला ते ओढून घेणारी नळी. त्या पाण्याला फार महत्त्व आहे. हाड मिनिटभर ४७ अंश सेल्सिअसच्या वर तापलं तरी त्यातल्या पेशी मरतात, आणि मेलेलं हाड स्क्रू धरत नाही. म्हणून डॉक्टर ड्रिल हळू चालवतात, मध्ये मध्ये थांबतात. मला आधी वाटलं होतं काहीतरी अडलंय.

शेवटी स्क्रू फिरवतात. तेव्हा ड्रिलचा आवाज नसतो. जबड्यावर एक दाब येतो आणि पान्याची हलकी टिकटिक. माझ्या डॉक्टर तो आकडा मोठ्याने बोलल्या, "पस्तीस," आणि मदतनीसाने लिहून घेतला. स्क्रू किती घट्ट बसला त्याचं ते माप. मग एकतर वर छोटं झाकण लावून हिरडी शिवून टाकतात, किंवा हिरडीच्या वर दिसेल अशी टोपी लावतात. दोन्ही पद्धती चालतात. पहिलीत पुढे हिरडी पुन्हा थोडी उघडावी लागते.

पहिल्या दिवशी बाहेरून बर्फाने शेका, थोड्या थोड्या वेळाने. जोरात चूळ भरू नका, थुंकू नका, स्ट्रॉने काही ओढू नका, रक्ताची गुठळी तिथेच राहायला हवी. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसते आणि माणूस घाबरतो, पण तो क्रमच आहे, नंतर ती उतरते. सायनसपाशी काम झालं असेल तर दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, आणि शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यायची.

एका गोष्टीसाठी मात्र सकाळची वाट बघू नका. भूल उतरायची वेळ होऊन गेली तरी खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. नसेवर दाब आला असेल तर पहिल्या एक-दोन दिवसांत काही करता येण्याची शक्यता जास्त असते.

वाट बघण्याचे महिने

खालच्या जबड्यात साधारण दोन ते चार महिने, वरच्या जबड्यात तीन ते सहा. वरचं हाड जास्त सच्छिद्र असतं, त्याला वेळ लागतो.

या काळात सगळ्यात फसवा असतो तो तिसरा-चौथा आठवडा. टाके निघालेले असतात, दुखणं थांबलेलं असतं, आणि वाटतं झालं सगळं. आत मात्र उलट चाललेलं असतं. सुरुवातीला स्क्रूला आवळून धरणारं जुनं हाड शरीर काढून टाकत असतं आणि नवं हाड अजून पुरतं तयार झालेलं नसतं. म्हणजे पकड सगळ्यात नाजूक असते ती नेमकी याच दिवसांत. त्या बाजूने कडक काही चावू नका, जिभेने किंवा बोटाने ती टोपी हलवून बघू नका. मला तो मोह रोज व्हायचा. शेवटी जीभ तिकडे गेली की मी दुसऱ्या बाजूचे दात मोजायचे.

कॅप बसवताना

डॉक्टर स्क्रू पक्का झाल्याची खात्री करतात, मग माप घेतात, साच्याने किंवा छोट्या कॅमेऱ्यासारख्या स्कॅनरने. कॅप तयार होऊन यायला एक-दोन आठवडे.

इथे विचारण्यासारखा प्रश्न एकच: कॅप स्क्रूने बसवणार की सिमेंटने? शक्य असेल तिथे मी स्क्रूची मागणी करेन. पुढे काही बिघडलं तर ती उघडून काढता येते. सिमेंटची कॅपही चांगली चालते, पण जास्तीचं सिमेंट हिरडीखाली राहून गेलं तर तिथे सूज धरते. समोरच्या दातांत स्क्रूचं भोक दर्शनी बाजूला येत असेल तर सिमेंटला पर्याय नसतो.

कॅप बसल्यावर निळा कागद चावायला देतात. घाई न करता सगळीकडून चावून बघा, आणि उंच लागत असेल तर सांगा. खऱ्या दाताच्या मुळाभोवती गादीसारखा पडदा असतो, त्यामुळे दात किंचित दबतो आणि जोर जास्त झाला की मेंदूला कळवतो. इम्प्लांटला ती गादी नाही. किंचित उंच कॅपवर रोजचा जोर पडत राहिला तर तो सरळ हाडावर आणि स्क्रूवर जातो. झोपेत दात खायची सवय असेल तर रात्री घालायचं नाइट गार्ड बनवून घ्या, त्यात कंजुषी नको.

नंतरची निगा

इम्प्लांटला कीड लागत नाही. त्यामुळे लोक निर्धास्त होतात, आणि तिथेच चुकतं. भोवतीची हिरडी आणि हाड तुमचंच असतं, त्याला जंतुसंसर्ग होतो. आधी फक्त हिरडी सुजते, घासताना रक्त येतं. या टप्प्यावर साफसफाईने सगळं पूर्ववत होतं. दुर्लक्ष केलं तर आतलं हाड झिजू लागतं, आणि हे दुखत नाही, हीच अडचण.

दिवसातून दोनदा मऊ ब्रश, आणि रोज रात्री कॅपच्या दोन्ही बाजूंच्या फटीतून बारीक इंटरडेंटल ब्रश. कोणत्या मापाचा ब्रश लागेल ते डॉक्टरांकडूनच बघून घ्या. जाड ब्रश जोराने घुसवला तर हिरडी फाटते, बारीक असेल तर नुसताच आत-बाहेर होतो. कॅप बसल्याच्या दिवशी एक एक्स-रे काढून ठेवायला सांगा. पुढे दर वर्षी हाड कुठे आहे हे त्याच्याशीच ताडून बघायचं असतं. तपासणी आणि सफाई सुरुवातीला दर तीन-सहा महिन्यांनी.

कॅप हलतेय असं वाटलं तर घाबरून जाऊ नका. बऱ्याचदा आतला छोटा स्क्रू सैल झालेला असतो आणि तो पुन्हा आवळता येतो. पण लगेच जा, सैल कॅपवर चावत राहिलं तर तो स्क्रू मोडू शकतो. हिरडीतून पू येणं किंवा चावताना दुखणं यासाठीही तसंच, लगेच.

नीट राखलेले इम्प्लांट दीर्घकाळ टिकतात, दहा वर्षांनंतरही शंभरातले नव्वदहून जास्त जागेवर असतात. मात्र वरची कॅप त्याआधी झिजू किंवा तुटू शकते, तो खर्च मनात धरून ठेवा.

आणि दवाखान्यातून शेवटचं बाहेर पडताना एक कार्ड मागून घ्या. त्यावर स्क्रूची कंपनी, माप, लॉट नंबर आणि बसवल्याची तारीख असते. प्रत्येक कंपनीचा आतला स्क्रू आणि त्याचा पाना वेगळा असतो. वीस वर्षांनी, दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरांसमोर तोंड उघडाल तेव्हा त्यांना तुमच्या स्क्रूला कोणता पाना लागेल ते या कार्डावरून कळेल. एमआरआय करायची वेळ आली तरी हेच कार्ड दाखवा. टायटॅनियमची सहसा अडचण येत नाही, पण कवळी चुंबकाने अडकवलेली असेल तर आधी सांगावं लागतं. माझं कार्ड मी रक्तगटाच्या कागदासोबत ठेवलंय, आणि त्याचा फोटो मुलीच्या फोनमध्येही आहे.